उरलेलं कापड

शिवणाच्या क्लासमध्ये मिसेस याँग म्हणाल्या, पुढच्या शनिवारी प्रत्येकाने घरातलं उरलेलं कापड घेऊन या. "नो शॉपिंग," असं बोट नाचवून बजावलंही. जुने कपडे, पडदे, उशांचे अभ्रे, कशाचेही तुकडे चालतील. प्रत्येक घरात असतातच. टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. एकीच्या लॉफ्टमध्ये म्हणे पोती भरून पडली होती, दुसरीला आईचा लग्नातला झगा कापायचा धीर होत नव्हता. ईलिंगच्या लायब्ररीवरच्या त्या खोलीत रेडिएटर कण्हत होता, खाली बस थांबत होत्या आणि निघत होत्या, आणि त्या सगळ्या बायकांमधला एकटा पुरुष असलेला मी हातातल्या सुईकडे बघत बसलो. माझ्या घरात कात्रण नाही. आत्ताच्या स्लाऊच्या घरात नाही, आणि ज्या घरात मी जन्मलो त्या घरात तर कधीच नव्हतं. आणि ते घर शिंप्याचं होतं. हे या बायकांना इंग्रजीत कसं सांगायचं? हलवायाच्या घरात साखर नव्हती म्हटलं तर निदान कोणी कीव करेल. कुठेतरी आत एक टाका तुटला आणि त्याच्यामागून सगळी शिलाई सुटायला लागली.

बार्शीला आमचं दुकान म्हणजे घराचाच रस्त्याकडचा अर्धा भाग. दादांचं, माझ्या वडिलांचं, मशीन उंबऱ्याशी, म्हणजे उजेड फुकट मिळे. मशीनच्या तेलाचा आणि कोळशाच्या इस्त्रीचा वास आमच्या आमटीलाही यायचा. दादा कापड कापायचे आणि खाली पडलेला प्रत्येक तुकडा, अगदी बगलेतून निघालेलं नखाएवढं त्रिकोणी कातरणसुद्धा, उचलून त्या त्या गिऱ्हाईकाच्या पुरचुंडीत टाकायचे. कपडा शिवून झाला की कपड्याबरोबर पुरचुंडी परत. गावात दुसरा कुठलाही शिंपी हे करत नव्हता. दादा करायचे, कारण शाळेतून येताना पोरं माझ्या मागे ओरडायची, "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा," आणि दादांच्याही मागे त्यांच्या लहानपणी ओरडली होती. शिंपी कापड खातो, हे गावाने ठरवूनच टाकलेलं. कपडा नेताना गिऱ्हाईक विचारायचंच, "ह्यातला उरलेला तुकडा कुठे गेला हो?" त्यांचा प्रश्न संपायच्या आत दादा पुरचुंडी पुढे करायचे. तर काही बायका ती पुरचुंडी आमच्याच ओट्यावर सोडून, तुकड्याला तुकडा लावून, बघायच्या. दादा मान खाली घालून दुसऱ्याचं काज करत बसायचे. सगळं परत करूनही ज्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत त्याने परत कशाला करायचं, हा प्रश्न मला आठव्या-नवव्या वर्षीच पडला होता. अजून पडतो. आणि राग तर तेव्हापासून आहे तो आहेच. मी सॉफ्टवेअरमध्ये तीस वर्षं काढली, इथे घर केलं, इथला पासपोर्ट घेतला, तरी दुकानातून बाहेर पडताना दारातलं यंत्र वाजलं की माझे हात आपोआप खिसे दाखवायला वर येतात.

या क्लासला मी गेलो तो काही ठरवून नाही. गेल्या दिवाळीच्या आधी आई गेली. मी बार्शीला जाऊन, तेरावं करून परत आलो आणि ऑफिसला जायला लागलो, माणसं काय करतात तेच. जानेवारीत एकदा मुलीची, ईशिताची, पुस्तकं परत करायला ईलिंगला गेलो होतो. जिन्यात खिडकीला एक कापड टांगलेलं होतं. नुसते तुकडे, चौकोनी, लांबट, तिरके, एकासारखा दुसरा नाही, आणि मागून उजेड आलेला. प्रत्येक जोडावर कापड दुहेरी, म्हणून तिथे रंग गडद आणि बाकी सगळं पातळ. खाली लिहिलं होतं की हे कोरियन जोगाक्बो आहे, उरलेल्या तुकड्यांतून केलेलं, वस्तू झाकायचं आणि गुंडाळायचं कापड. मी कापड उलटं करून पाहिलं. शिंप्याचं पोर दुसरं काय करणार, आधी आतली शिलाई बघणार. उलट बाजू नव्हतीच. दोन्हीकडून सुलट. मी वर जाऊन नाव घातलं. सुनीतीला, म्हणजे बायकोला, सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग माझा चेहरा बघून थांबली. तिची मावशी फोनवर होती, तिने मात्र ऐकलं आणि म्हणाली, "अगं, जावईबापू पैसे देऊन शिंपीकाम शिकतायत? ते तर घरचंच होतं ना?" आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मावशी अजून त्या वाक्याची संधी शोधतच होत्या. मी फोन हातात घेऊन म्हटलं, "हो मावशी, घरचंच आहे, म्हणून तर हात चांगला बसलाय."

हात खरंच चांगला बसला. आधी घड्या शिकवल्या. एक चौकोन घ्यायचा, चारही कोपरे मधोमध आणायचे, पुन्हा आणायचे, मग कडा जराशी वळवली की आतून दुसरा रंग डोकावतो. मग तुकडे जोडणं. दोन्ही कडांना नखाने दाब द्यायचा, पाठीला पाठ लावायची आणि काठावरून बारीक तिरपे टाके घालत जायचं, इतके जवळ की मुंगी शिरू नये. धावदोरा नाही, मशीन नाही. मिसेस याँग न्यू मॉल्डनहून दोन बस बदलून यायच्या, सत्तरीच्या असाव्यात, बोटात कापडी टोपण, आणि बोलायच्या कमी. एकदा एवढंच म्हणाल्या की त्यांच्याकडे जुन्या बायका म्हणायच्या, जेवढे टाके तेवढं आयुष्य, ज्याला देऊ त्याला. माझ्या मनात आलं, आमच्याकडे याला ठिगळ म्हणतात. ठिगळ दिसलं तर शिंप्याची लाज जाते. दादा फाटक्या कपड्याला असा रफू करायचे की ज्याचा कपडा त्यालाही जागा सापडू नये. आणि इथे या बाई म्हणतात, जोड दिसू दे. जोड दिसण्यासाठीच आहे.

तर कात्रण कुठून आणायचं? मी साउथॉलला गेलो. लग्नाचे लेहेंगे, कुडते, ब्लाउज शिवणाऱ्या एका दुकानामागच्या गल्लीत कचऱ्याचं एक मोठं चाकाचं बिन असतं, त्यात काळ्या पिशव्या. आधी आत जाऊन रीतसर विचारलं. दुकानदार पगडीवाले गृहस्थ होते, हातात टेप, कानात फोन, त्यांनी मागच्या दाराकडे हात केला, ले जाओ जी. मी पिशवीची गाठ सोडली. रेशीम, टिश्यू, ऑर्गंझा, जांभळं, मोरपंखी, हळदी. एवढं कात्रण मी आयुष्यात एका जागी पाहिलं नव्हतं. आमच्या दुकानात असं असतं तर! ऑफिसचे बूट घालून, गळ्यात ओळखपत्र, मी बिनमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि मुठी भरभरून काढलं. मला हसू येत होतं. खाली तळाशी एक हिरवा तुकडा सापडला, गर्द, बारीक सोनेरी बुट्टीचा, तळहाताएवढा. तो मी वेगळा ठेवला. घरी येताना ट्रेनमध्ये तो मी दोनदा खिशातून काढून पाहिला. का ते मला ठाऊक होतं, पण त्याचं नाव मनात येऊ दिलं नाही.

मे महिन्यात दादा आले, सहा महिन्यांसाठी. वय ब्याऐंशी, गळ्यात माळ, अंगात स्वतः शिवलेली बंडी, तिला आतून चोरखिसा, त्यात गावच्या घराची किल्ली. घरी आता कुलूपच होतं, तरी किल्ली छातीशी. आईच्या जाण्याबद्दल आम्ही दोघं बोललो नाही. ते खिडकीपाशी बसून रस्ता बघायचे, समोरच्या सरदारजींना हात करायचे, ईशिताला कॉलेजचं काय काय विचारायचे. आणि मी माझं निम्मंअधिक झालेलं कापड उचलून लॅपटॉपच्या बॅगेत टाकलं. तेवढ्यासाठीच. दादांना दिसू नये म्हणून. त्यांनी मला सुईला हात लावू दिला नव्हता कधी, शाळेतून येऊन बटण लावायला बसलो तर हातातून काढून घ्यायचे, "तुझ्या हातात पेन पाहिजे." त्यांनी डोळे फोडून मला शिकवलं ते यासाठीच की मी शिवू नये. मग मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये शिवायचो, दुपारच्या सुट्टीत कार पार्कमध्ये शिवायचो. सिगरेट लपवणाऱ्या पोरासारखं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, तीस माणसांची टीम चालवणारा, आणि घरात शिरताना बोटांना सुईच्या खुणा आहेत का ते बघायचा. माझीच मला चीड यायची. एक दिवस मी ते कापड बॅगेतून काढून आमच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि तसंच ठेवलं. आता दिसलं तर दिसू दे. पण दादा आमच्या खोलीत कधी येत नसत, त्यामुळे या शूरपणाला काही अर्थ नव्हता.

अर्थ मिलिंदने आणला. मिलिंद आमच्या मराठी मंडळातला, नागपूरचा, बँकेत आहे, माणूस वाईट नाही पण त्याच्या तोंडाला दार नाही. मंडळाचं वनभोजन होतं, पार्कमध्ये चादरी अंथरून मसालेभात चाललेला. दादा मधे बसलेले, सगळे वाकून नमस्कार करून गेलेले. मिलिंद लांबूनच ओरडला, "काय ज्ञानेश्वर, साउथॉलला त्या टेलरच्या बिनमध्ये काय शोधत होतास रे? मी कारमधून बघितलं. म्हटलं, तुमच्याकडे लेऑफ झाले की काय!" सगळे हसले. मीही हसून म्हणणार होतो की होय, कात्रण शोधत होतो, क्विल्टिंग करतोय, सो व्हॉट. पण दादांच्या हातातला घास ताटात खाली आला. मिलिंदची बायको कस्तुरी त्याला म्हणाली, "तू गप रे, माणूस हॉबी करतोय." दादांनी विचारलं, "कुठल्या टेलरकडं?" मिलिंदने उत्साहाने दुकान कुठल्या कोपऱ्यावर ते सांगितलं.

सोमवारी ऑफिसमधून आलो तर ईशिता दारातच उभी. तिचं मराठी घाईत असली की आणखीच तिचं होतं. "बाबा, तू रागावू नको. आजोबांनी तुझा क्विल्ट सगळी ओपन केली. मी कॉलेजमधून आले तेव्हा झाला होता." मी आत गेलो. दादा खिडकीपाशी खाली बसले होते, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, हातात माझीच छोटी कात्री. समोर पुरचुंड्या. जांभळी जांभळ्यात, हळदी हळदीत, टिश्यू वेगळी, प्रत्येक रंगाची पुरचुंडी त्याच कापडाच्या एका पट्टीने बांधलेली. दोऱ्याचे तुकडे एका वाटीत. चार महिन्यांचं काम होतं. कुठे एक धागा ओढला गेला नव्हता, कापडाला इजा म्हणून नाही. फक्त भोकं राहिली होती, बारीक, रांगेने, दोन्ही काठांना, आणि उजेडात धरलं तर दिसत होती. मी तिथेच जमिनीवर बसलो. आणि मला ते नाव मनात येऊ द्यावंच लागलं.

बटवा. आईने माझ्यासाठी बटवा केला होता, गोट्या ठेवायला. तीन तुकडे, तिने कधी कसे वाचवले तिलाच ठाऊक, त्यातला एक हिरवा रेशमी, बारीक बुट्टीचा, मामलेदारांच्या मुलीच्या लग्नातल्या खणाचा. आई सुईत दोरा ओवताना टोक दातांत धरायची आणि डोळे बारीक करायची. तो बटवा शिवताना ती गाणं गुणगुणत होती, हे मला आठवतं, कारण ती एरवी गुणगुणायची नाही. मामलेदारीणबाई परकर न्यायला आल्या तेव्हा मी ओट्यावर गोट्या मोजत होतो. त्यांनी बटवा उचलला, हिरव्यावर अंगठा फिरवला आणि गोडच हसून विचारलं, "हा तुकडा इकडे आला होय?" दादांनी माझ्या गोट्या ओट्यावर ओतल्या, ब्लेड घेतलं आणि त्यांच्या देखत बटवा उसवला. हिरवा तुकडा त्यांना दिला. त्या नको नको म्हणत होत्या आणि घेतही होत्या. मग बाकीचे दोन तुकडे घेऊन दादा त्या त्या गिऱ्हाईकाकडे चालत गेले. आई आतल्या दारात उभी होती. ती रडली नाही. पण त्या दिवसानंतर तिने सुई हातात घेतली नाही. शिंप्याच्या घरात तिचं पोलकं उसवलं तर ती पदर खोचून झाकायची. माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर म्हणायची, दादांकडे दे. चाळीसहून अधिक वर्षं. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, शिंप्याची बायको पण हातात कधी टाका नाही, तिला कसं लाडात ठेवलं होतं बघा. मी तेव्हा तिथून उठून गेलो होतो.

"हे कुणाचं?" दादांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, विचारपूस होती.

"माझं."

"विकत घेतलंस?"

"नाही. त्या दुकानदाराने फेकलं होतं. मी विचारून घेतलं."

"फेकणारा तो कोण? कापड गिऱ्हाईकाचं."

"गिऱ्हाईकाला नको असतं ते, दादा."

"नको असलं तर गिऱ्हाईकानं फेकावं. शिंप्यानं कशाला? उद्या आपण परत करून येऊ. मी बांधून ठेवलंय."

मला वाटलं होतं मी ओरडेन. तोंडातून निघालं ते हळूच निघालं. "तुम्ही आयुष्यभर परत केलंत. काय मिळालं? बायका त्या ओट्यावर बसून जुळवायच्याच ना? तुमच्यासमोर, आईसमोर, माझ्यासमोर. तुमची इभ्रत त्या पुरचुंडीत होती, आणि पुरचुंडी त्यांच्या हातात. आणि आईचा बटवा उसवलात तो कुणासाठी? त्या बाईने तो तुकडा घरी जाऊन चुलीत घातला असेल. आई पुन्हा सुईला शिवली नाही."

"ठाऊक आहे मला," दादा म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"मी तिच्या शेजारी निजत होतो, ज्ञानबा. मला ठाऊक नसणार?" त्यांनी वाटीतले दोरे बोटाने चाळवले. "तिनं मला कधी बोल लावला नाही. तू लावतोयस. लाव."

बोल लावण्यासारखं मग काही उरलं नाही, पण माझी माघार घ्यायची तयारी नव्हती. मी म्हटलं, "चला. उद्या जाऊ. परत करा तुम्ही. मी दुसरं आणीन. तुम्ही उसवा, मी परत शिवीन. तुमच्यात आणि माझ्यात आधी कोण दमतं बघू." सुनीती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं की पोळ्या करू का भात चालेल.

मी सुट्टी टाकली आणि आम्ही गेलो. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला, त्यावर माझं जाकीट, आणि पुरचुंड्या एका मोठ्या फडक्यात बांधून स्वतःच्या हातात धरल्या. मला धरू दिल्या नाहीत. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. दादा सरळ काउंटरशी गेले आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "हे तुमच्या गिऱ्हाइकांचा कपडा है. मेरा लडका ले गया था. गिनके लो." पगडीवाल्यांनी फोन कानावरून काढला. त्यांनी मला ओळखलं, मग दादांकडे पाहिलं, मग पुरचुंड्यांकडे. "अंकलजी, ये तो कचरा है." दादा म्हणाले, "किसका कचरा?" लेहेंग्याचं माप द्यायला आलेल्या दोन मुली हसायला लागल्या. पगडीवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी हात जोडले, चहा मागवला, खुर्ची दिली आणि दादा चहा पीत असताना त्यांच्याच फडक्यात आणखी दोन मुठी कात्रण आणून भरलं. "ले जाओ जी, आपका ही है." दादा ते फडकं हातात घेऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुरचुंडी पुढे केली होती आणि ती घ्यायला कोणी हात पुढे केला नव्हता. कोणी सोडून बघितली नव्हती, जुळवून बघितली नव्हती. मी जिंकलो होतो म्हणायला हरकत नव्हती, पण ट्रेनमध्ये दादांकडे बघवेना. फडकं मांडीवर, दोन्ही हात त्यावर. हेस गेलं. लँगलीच्या आसपास त्यांनी गाठ सोडली आणि आत बोटं घालून चाचपत राहिले, कापड ओळखताना डोळे मिटायची त्यांची जुनी सवय होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. घरी आल्यावर त्यांनी ते फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "घेणारं कोणी नाही." आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या खोलीत शिवायला बसलो. रस्त्याकडच्या खिडकीत, पडदे बाजूला सारून, ऑफिसमधून आलो की तिथेच. जूनचा उजेड जेवणं झाल्यावरही रस्त्यावर रेंगाळायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे. समोरचे सरदारजी एकदा थांबून बघून गेले. मंडळातले आले तरी मी हातातलं खाली ठेवलं नाही. मिलिंद आला, जरा ओशाळून म्हणाला, "यार, तू मनावर नाही ना घेतलं?" मी म्हटलं, "घेतलं. बस. सुईत दोरा ओव, माझे डोळे दमलेत." आणि बँकेतला तो माणूस जीभ बाहेर काढून दोरा ओवत बसला. जुनी भोकं होती तिथेच नवे टाके पडायचे, पण तुकडे मी जागचे हलवले. पूर्वी जे शेजारी होते ते लांब गेले, त्यामुळे काही काठांवर भोकांची रिकामी ओळ राहिली, आणि ती मी लपवली नाही. दादा आपल्या खुर्चीत असायचे. शिलाईकडे बघायचे नाहीत, पण कात्री खाली पडली की माझ्याआधी त्यांचा हात जायचा. त्यांनी एकही टाका घातला नाही, एकही चूक दाखवली नाही, आणि उसवलंही नाही.

सगळे तुकडे मांडले तेव्हा हिरवा नव्हता. मी फडकं झटकलं, सोफ्याखाली पाहिलं, ईशिताच्या खोलीतही पाहून आलो. आधीही तो मधोमध होता, आताही कापडाचा मध्य मी त्याच्यासाठी धरला होता. ट्रेनमध्ये पडला असेल, की त्या दुकानातच राहिला असेल, असं मनाशी म्हणत मी दोन दिवस चरफडत काढले. पुन्हा साउथॉलला जाऊन बिन धुंडाळायचीही तयारी केली. मग एका दुपारी दादा चपला घालायला वाकले, बंडीची बाजू उलटली, आणि चोरखिशाच्या तोंडाशी, किल्लीच्या आड, हिरव्याची एक कडा दिसली. सोनेरी बुट्टी अर्धीच. त्यांनी सरळ होताना ती बोटाने आत सारली, अगदी सवयीने, खिशातला कागद चोळामोळा होऊ नये म्हणून माणूस सारतो तशी. सगळ्या आयुष्यात एक तुकडा. त्या दिवशी मी मधल्या जागेच्या चारही काठांना दाब दिला, बारीक टाके घालून कडा पक्क्या केल्या, आणि ती जागा उघडी ठेवली. तळहाताएवढी खिडकी. सुनीती म्हणाली, "अरे, हे अर्धवट का सोडलंस?" मी म्हटलं, पूर्ण आहे.

सप्टेंबरात क्लासचं प्रदर्शन होतं. त्याच लायब्ररीत, वरच्या खोलीत, खिडक्यांना एकेक कापड टांगलेलं. दादा येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो, पण ते सकाळी अंघोळ करून, जाकीट घालून दारात उभे राहिले. प्रत्येक कापडापाशी थांबले, हात पाठीशी बांधून. माझ्या कापडापाशी आले तेव्हा ऊन नेमकं त्याच्यावर आलेलं होतं. जोड गडद, तुकडे पातळ, रिकाम्या भोकांच्या ओळींतून उजेडाचे ठिपके, आणि मधल्या खिडकीतून समोरच्या बाजूचं विटांचं घर सरळ दिसत होतं. दादांनी कापड उलटं केलं. आतली शिलाई पाहिली. पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटं. दोन्हीकडून तेच. ईशिता त्यांच्या कोपराशी उभी होती, सुनीती फोटो काढत होती, मिलिंद-कस्तुरी कुठेतरी मागे होते. मिसेस याँग आल्या. त्यांनी दादांना कमरेतून वाकून नमस्कार केला, दादांनीही केला. मग त्या बराच वेळ कापडाकडे बघत राहिल्या, मधल्या जागेत स्वतःचं टोपण घातलेलं बोट घालून कडेची शिलाई तपासली, आणि मान हलवली. मग माझ्याकडे वळून, साध्या कुतूहलाने, त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काय म्हणतायत बाई?" दादांनी विचारलं.

मला हे टाळता आलं असतं. छान म्हणतायत, एवढं सांगून भागलं असतं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघून, जसं होतं तसं सांगितलं. "विचारतायत, ह्यातला एक तुकडा कुठे गेला."

ओट्यावरचा तोच प्रश्न. दादांची मान खाली जायला लागली, सवयीने, मला ती जाताना दिसली. हात पुढे यायला लागले, देण्यासाठी, पण त्या हातांत काही नव्हतं. मग मान मधेच थांबली. उजवा हात जाकिटाच्या आत गेला, बंडीवर, छातीशी, आणि तिथेच राहिला. दादांनी मान वर केली. मिसेस याँगकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या मिलिंदकडे पाहिलं, त्या खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं.

"सांग त्यांना," दादा म्हणाले, मोठ्याने, दुकानातून रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारायचे त्या आवाजात, "शिंप्यानं ठेवून घेतला."